बाळंतपण कोठे करावे?

पहिले बाळंतपण माहेरी, हा आमच्या वऱ्हाडातला रिवाज. माझी नात अकोल्यास दिली आहे आणि माहेर अमरावतीचे. सातवा महिना लागला तशी ती घरी आली. आठव्या महिन्यात तपासणी झाली तेव्हा मूल पायाळू असल्याचे निघाले. पायाळू माणसावर वीज पडते, त्याला जमिनीतले पाणी आणि पुरलेले धन दिसते, असे आम्ही लहानपणी ऐकत आलो. परंतु आईच्या पोटात असलेल्या पायाळू मुलाचे काय करावयाचे, हे त्या गोष्टींत कोणी सांगितले नव्हते. मूल फिरले नाही तर पोटावर शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'सिझर' हा शब्द त्या दिवशी घरात शिरला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला: करावयाचे कोठे?

दोन शहरे, आणि प्रत्येक शहरात दोन वाटा. अकोल्याहून विहीणबाईंचा फोन आला. "सरकारीत कायले नेता बाप्पा पोरीले? पैसे लागले तं लागू द्या, पोरगी रायली पाह्यजे." माझ्या मुलाचे मत काहीसे तसेच होते. खाजगी दवाखान्यात आम्हाला जो आकडा सांगण्यात आला, तो सात क्विंटल कापसाच्या किमतीएवढा होता. पण मुलगा नोकरीत आहे, त्याला तो झेपण्यासारखा होता. सून तेवढी मधूनमधून म्हणे की, डफरीनमध्ये रोज इतक्या बायका सुटतात, त्या काय माणसे नव्हेत? नात ऐकत बसलेली असे.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकविला. प्रश्न पुढ्यात आला की तो कोठून आला हे पाहण्याची खोड जडली आहे; आणि या प्रश्नाच्या पोटात तर शंभर-सव्वाशे वर्षांचे वऱ्हाड दडलेले दिसले.

अमरावतीत 'डफरीनला नेले' एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. पाटीवर जिल्हा स्त्री रुग्णालय असे असले तरी ते नाव कागदापुरते. अकोल्यास तसेच 'लेडी हार्डिंग'. दोघीही व्हाइसरॉयांच्या बायका. इंग्रज गेले, मध्यप्रांत-वऱ्हाड गेला, १९५६ मध्ये आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण या दोन मडमांची नावे काही आमच्या बायकांच्या तोंडातून गेली नाहीत. पुरुषांच्या सामान्य रुग्णालयालाही अमरावतीत 'इर्विन' म्हणतात, तो भाग निराळा.

या नावांमागची हकीकत मोठी विलक्षण आहे. १८८१ साली लखनौच्या मिशनमध्ये काम करणारी एलिझाबेथ बीलबी नावाची बाई पन्नाच्या राणीवर उपचार करून विलायतेस परत निघाली. राणीने एका लॉकेटमध्ये निरोप घालून तो तिच्याजवळ दिला आणि व्हिक्टोरिया राणीच्याच हाती देण्यास सांगितले. हिंदुस्थानातल्या बायका आजारपणात किती हाल सोसतात, हा त्या निरोपाचा आशय. व्हिक्टोरियाने ही गोष्ट मनावर घेतली, आणि लॉर्ड डफरीन व्हाइसरॉय होऊन आले तेव्हा त्यांच्या पत्नीला तीत लक्ष घालण्यास सांगितले. १८८५ मध्ये लेडी डफरीन यांचा निधी उभा राहिला. स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण द्यावयाचे, बायकांसाठी स्वतंत्र इस्पितळे काढावयाची आणि सुईणी व परिचारिका तयार करावयाच्या, अशी त्याची तीन कामे होती. त्याच्या पुढच्याच वर्षी आमची आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषयसुद्धा हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. स्वतःचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते, हे दुःख त्या विषयामागे नसेल असे कसे म्हणावे? १८८७ च्या फेब्रुवारीत ती गेली. ती जगती तर या कथेला वेगळे वळण मिळाले असते, असे मला नेहमी वाटत आले आहे. असो.

ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, ही जनाना इस्पितळे मूळ कल्पिली गेली ती परपुरुषासमोर न येणाऱ्या, घरंदाज घरांतल्या बायकांसाठी. आज नेमकी तीच घरे तेथे पाऊल टाकावयास कचरतात. हा उलटा प्रकार कसा झाला?

माझ्या मते याचे मूळ भीतीत आहे, आणि ती भीती मी स्वतः पाहिलेली आहे. १९६१ साली मी तेरा वर्षांचा होतो. थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी अंजनगावजवळच्या आमच्या खेड्यात आली होती. तीन दिवस ती अडली. दाईने आपले सगळे उपाय केले. बाज, शेगडी, धुरी, जिवतीला नवस, काही राहिले नाही. दवाखान्याचे नाव काढले की आजी म्हणे, "तिथं गेलेली परत येते काय?" चौथ्या दिवशी पहाटे बैलगाडीतून तिला अंजनगाव स्टेशनवर नेले. तेथून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला. ही छोटी गाडी वऱ्हाडच्या कापसासाठी टाकलेली, आणि चालही कापसाच्या गाडीचीच. मूर्तिजापुरास मोठी गाडी धरून संध्याकाळी आम्ही अकोल्यास लेडी हार्डिंगमध्ये पोहोचलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बहीण वाचविली. मूल आधीच गेले होते. गावी परतल्यावर लोक काय म्हणाले? दवाखान्यात नेले आणि मूल गेले. बाजेवरचे तीन दिवस कोणाच्या हिशेबात आलेच नाहीत.

सरकारी दवाखान्याविषयीचा अविश्वास हा असा जमा होत गेला. जेथे सर्व उपाय हरल्यावरच माणूस जातो, तेथे मरणे अधिक होणारच. त्या काळी प्रश्न सरकारी की खाजगी असा नव्हताच. घर की दवाखाना असा होता. १९४६ च्या भोर समितीने हिंदुस्थानातल्या मातामृत्यूंचा अंदाज दर हजार बाळंतपणांमागे वीस असा दिला होता. म्हणजे लाखामागे दोन हजार. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्राचा आकडा लाखामागे तेहतिसावर आला. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे मधल्या पिढ्यांनी काय मिळविले ते कळते.

या मिळकतीत शस्त्रक्रियेचा वाटा मोठा आहे. सिझर हे नाव रोमच्या ज्यूलियस सीझरवरून आले, असे लोक सांगतात. पण त्याची आई औरेलिया त्याच्या जन्मानंतर कितीतरी वर्षे हयात होती, आणि त्या काळात पोट चिरलेली बाई जगणे शक्य नव्हते. सुश्रुतानेही हा छेद सांगितला आहे तो अकस्मात मेलेल्या गर्भिणीचा, मूल पोटात हालत असेल तर. शस्त्रक्रियेचा हेतू शतकानुशतके एवढाच होता की, आई गेली, निदान मूल हाती लागावे. १८७६ साली इटलीतल्या पाव्हिया गावी पोर्रो नावाच्या डॉक्टराने मूल काढून त्याबरोबर गर्भाशयही कापून टाकले आणि बाई वाचली. वाचली खरी, पण वांझ होऊन. १८८२ मध्ये झेंगर या जर्मन डॉक्टराने गर्भाशयाला टाके घालण्याची नीट पद्धत सांगितली. आज ही गोष्ट कोणासही सुचेल अशी वाटते. पण तोवर बहुतेक डॉक्टर गर्भाशय न शिवताच पोट मिटून टाकीत. पुढे १९२० नंतरच्या वर्षांत ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला. त्यात रक्त कमी जाते आणि वण पक्का होतो. मग पेनिसिलिन आले, रक्त साठवून देण्याची सोय झाली, आणि पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचे अंग बधिर करता येऊ लागले.

एवढे सविस्तर सांगितले ते अशासाठी की, हे कापण्याचे काम पाऊण-एक तासाचे आणि फारसे खर्चाचेही नाही. अवघड आहे ती माणसे जमविणे. शस्त्रक्रिया करणारा एक, भूल देणारा एक, बाळाकडे पाहणारा एक, हाताखाली परिचारिका, आणि जवळपास रक्त. यातले एक नसले तरी बाकीच्यांचे कसब वाया जाते. इमारत कोणाची, पाटी कोणत्या रंगाची, हे प्रश्न त्यापुढे दुय्यम आहेत.

आता खाजगी दवाखान्यांविषयी. १९४७ साली नागपूरला मेडिकल कॉलेज निघाले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तेथून शिकून निघालेल्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या गावी स्वतःचे दवाखाने थाटले. अकोल्यात रामदासपेठ, रतनलाल प्लॉट या भागांत पाट्यांमागून पाट्या लागल्या. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. पुष्कळ ठिकाणी नवरा-बायको दोघेही डॉक्टर, एकाने बाळंतपण पाहावे आणि दुसऱ्याने भूल द्यावी. त्या डॉक्टरांना सगळे गाव नावाने ओळखे. मध्यरात्री दार ठोठावले तर बाई पदर सावरत खाली येत. ही माया खोटी नव्हती, आणि मध्यमवर्गाने सरकारी दवाखाना सोडला तो नुसत्या बडेजावापायी सोडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारी वॉर्डात एका खाटेवर दोघी, अंगावर खेकसणारी आया, नाव विचारण्यासही सवड नसलेला डॉक्टर, हे अनुभवही खरेच आहेत. या दोहोंखेरीज तिसरी वाटही वऱ्हाडाने पाहिली: वाशीम अकोला जिल्ह्यात होते त्या काळी तेथे नाझरीन मिशनच्या डॉ. ओरफा स्पाइकर यांनी बायका-मुलांसाठी दवाखाना उभारला, आणि अमरावतीत १९८४ साली पंजाबराव देशमुखांच्या नावाने संस्थेचे मेडिकल कॉलेज निघाले.

पण मायेच्या त्या दवाखान्याचे पुढे काय झाले, ते आकडे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली देशातली जेमतेम तीन टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली आढळली. २०१९-२१ च्या पाहणीत ती साडेएकवीस टक्के झाली, महाराष्ट्रात पंचवीस टक्क्यांहून किंचित अधिक. आणि त्यातला भेद पाहा: सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खाजगीत ४७.४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये दहा ते पंधरा टक्क्यांपलीकडे जाण्याचे कारण नाही असे म्हटले होते. खाजगी दवाखान्यात जाणाऱ्या बायकांची हाडे निराळी असतात काय?

याचे उत्तर 'लोभ' या एका शब्दात देणारे पुष्कळ भेटतात. मला ते पुरेसे वाटत नाही. लोभ आहेच. परंतु एकट्या डॉक्टराने रात्र रात्र कळांची वाट पाहावी, दिवसा पुन्हा पन्नास बायका तपासाव्यात, भूलतज्ज्ञ दुसऱ्या दवाखान्यातून बोलवावा, तो कधी येईल याची शाश्वती नसावी, आणि काही वावगे झाले तर नातेवाइकांनी काचा फोडाव्यात. अशा स्थितीत सोयीची वेळ धरून शस्त्रक्रिया उरकण्याकडे मन झुकते. आमचा दोषही लहान नाही. मुहूर्त काढून आणणारी माणसे मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. ग्रह पाहून पोट चिरण्याची वेळ ठरविणे हे सुश्रुताला सुचले नव्हते! पायाळू मुलाची गोष्ट तर निराळीच. सव्वीस देशांतल्या दोन हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पायाळू मुलासाठी ठरवून केलेली शस्त्रक्रिया बाळाला अधिक सुरक्षित, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर जगभर पायाळू मूल हाताने सोडविण्याची कला मागे पडत गेली. तेव्हा आमच्या नातीला जो सल्ला मिळाला, तो खाजगीत मिळाला म्हणून खोटा ठरत नाही. तोच सल्ला तिला सरकारीतही मिळाला.

आणि सरकारी चौदा टक्के म्हणजे निव्वळ सचोटी, असेही नव्हे. त्यात न झालेल्या शस्त्रक्रियाही आहेत. अमरावती जिल्ह्यातच मेळघाट आहे. धारणीहून अमरावतीचे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये सेमाडोहचा घाट आणि वाघांचे रान. तेथल्या कोरकू बाईपुढे सरकारी की खाजगी ही निवड कधी नसतेच. अडली तर आधी गाडी मिळाली पाहिजे, मग रस्ता सरला पाहिजे, मग डफरीन. माझ्या बहिणीचा १९६१ चा प्रवास तिथे अद्याप सगळा संपलेला नाही. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य काढले, त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या पहिल्या बाळंतपणाची गोष्टही प्रसिद्ध आहे. डॉक्टरांनी आपल्या पत्नीचे बाळंतपण गावातच केले. बाळ अत्यवस्थ झाले. त्याला अकोल्यास हलवावे असे लोकांनी सुचविले. गावातल्या इतर मुलांना जे उपचार मिळतात तेच माझ्याही मुलाला, असे म्हणून स्मिताबाई तेथेच राहिल्या. मूल वाचले. ही गोष्ट ऐकून माझे हात जोडले जातात. पण खरे सांगतो, माझ्या नातीच्या बाबतीत असे धैर्य मला होणार नाही, आणि ते तिच्यावर लादण्याचा मला अधिकारही नाही.

एके दिवशी नातच म्हणाली, "आजोबा, तुम्ही सगळे दवाखान्यांची नावे घेता. रात्री दोन वाजता मला कळा सुरू झाल्या तर भूल कोण देणार, एवढे विचारून याल का?"

मी दोन्हीकडे गेलो. खाजगी दवाखान्यातल्या बाई मोकळ्या मनाच्या निघाल्या. म्हणाल्या, "काका, ठरवून केले तर सगळे हजर असतील. अवेळी झाले तर भूलतज्ज्ञांना फोन करावा लागेल. ते बहुधा अर्ध्या तासात येतात. रक्त बाहेरून आणावे लागेल." 'बहुधा' हा शब्द त्यांनी टाळला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला. दर भिंतीवर लावलेले होते. २०२१ च्या नियमांनी ते लावणे आवश्यक झाले आहे, तरी ते सगळीकडे दिसतात असे नाही.

डफरीनमध्ये मला तासभर उभे राहावे लागले. पाळीवर कोण कोण आहे त्याचा फळा पाहिला, परिचारिकेशी बोललो. रात्रपाळीला डॉक्टर इमारतीतच असतात, भूल देणारेही पाळीने असतात, नवजात बाळांचा कक्ष त्याच छपराखाली आहे. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा योजनेप्रमाणे शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण, घरी पोहोचविणारी गाडी, कशालाही पैसा नाही. आणि ही योजना गरिबांपुरतीच नाही, हे माझ्या मुलाला मी सांगितले तेव्हा त्याला खरे वाटेना. स्वतंत्र खोली मात्र मिळेलच असे नाही, आणि शस्त्रक्रिया कोणत्या डॉक्टरांच्या हातून होईल हेही आधी सांगता येणार नाही. समोरच्या बाकावर मेळघाटातून आलेली एक मुलगी तिच्या सासूच्या मांडीवर डोके ठेवून निजली होती. वय माझ्या नातीएवढे नसेल.

घरी येऊन मी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा सांगितल्या. मुलगा गप्प राहिला. नातीने रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगितले की, तपासण्या चालू आहेत त्या बाईंकडेच चालू राहतील, पण नाव डफरीनमध्ये घालावयाचे. ओळखीच्या हातापेक्षा तिला जागे असलेले हात अधिक भरवशाचे वाटले.

विहीणबाईंना हे कळविण्याचे काम माझ्याकडे आले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तारीख कोन्ती देल्ली?" मी सांगितली. पंचांग पाहिल्याचा आवाज फोनवरही ऐकू आला. "अवस येते नं जी त्या दिवशी!" दिवाळीतली अमावास्या ती, लक्ष्मीपूजनाची, तेव्हा त्यांचे त्यांनीच समाधान करून घेतले, आणि मग डिंकाचे लाडू वॉर्डात नेऊ देतात काय, असे विचारले.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ती तारीख आली असेल, किंवा मूल फिरले असेल, किंवा कळा आधीच सुरू झाल्या असतील. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. रक्तगटाचा कागद, तपासण्यांचे कागद, दोन जुनी मऊ लुगडी. रक्त लागले तर म्हणून दोन पुतण्यांनी आपले फोन उशाशी ठेवले आहेत. माझी थोरली बहीण कालच अंजनगावहून आली. तिची आता नव्वदी जवळ येत आहे. नातीजवळ ती बसून असते आणि फारसे काही बोलत नाही.